कॅलासचे बॉक्स सेट जमवताना पेटी जवळ ठेवा

आमच्या घरात सीडीचं कपाट आणि वडिलांची पेटी शेजारी शेजारी आहेत, आणि ते जागेच्या अडचणीमुळे नाही. ऑपेरा-गायिका मारिया कॅलासचं 'नोर्मा' नव्या संचातून घरात आलं की मी आधी त्या ऑपेरातलं 'कास्ता दिवा' हे गाणं लावते. बासरीची सुरावट सुरू झाली की भाता हलवून पांढरी चार दाबते. कॅलास हे गाणं एफ मेजरमध्ये, म्हणजे आपल्या भाषेत पांढरी चारमध्ये गाते. बासरी आणि पेटी एकमेकींत मिसळल्या तर पुढे निवांत ऐकायचं. सूर काळी तीनकडे, म्हणजे अर्धा सूर वर सरकलेला वाटला तर मूळ टेप जलद फिरलेली आहे, आणि मग त्या डिस्कवरचा कॅलासचा आवाज तिचा आवाज नाही.

वडील मिरजेला गायकांना पेटीची साथ करत. घरात चावीचा ग्रामोफोन होता. नवी तबकडी लावली की ते पेटीचा सूर धरून ग्रामोफोनच्या वेगाचा स्क्रू फिरवत बसत आणि पट्टी जुळल्याशिवाय कुणाला बोलू देत नसत. मी ऑपेराकडे वळले ती काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाउसमधून आणलेल्या एका कॅसेटमुळे, पण ऐकायची सवय मिरजेचीच राहिली.

पट्टीत अर्ध्या सुराचा फरक म्हणजे वेगात जवळजवळ सहा टक्क्यांचा फरक. तासाभराचा अंक साडेतीन मिनिटं आधी संपतो. आवाज बारीक आणि कोवळा होतो, ताना खऱ्यापेक्षा चपळ वाटतात. युरोपातले ऑर्केस्ट्रा आपल्या पेटीपेक्षा किंचित चढे लागतात, तेवढा फरक सोडून द्या. पण स्वर दोन पट्ट्यांच्या मध्येच लोंबकळत असेल तर दुसरी आवृत्ती शोधा. पेटी नसेल तर फोनवरचा ट्यूनरही चालेल.

आता खरेदीचं. कॅलासचा जन्म न्यू यॉर्कमध्ये 2 डिसेंबर 1923 रोजी झाला, 16 सप्टेंबर 1977 रोजी ती पॅरिसमध्ये गेली. तिची बहुतेक स्टुडिओ रेकॉर्डिंग ईएमआय या रेकॉर्ड कंपनीची, आणि 2013 मध्ये तो खजिना वॉर्नर कंपनीकडे आला. वॉर्नरचे तीन मोठे संच आहेत. 2014 चा स्टुडिओ संच 69 सीडींचा आहे. त्यात 26 पूर्ण ऑपेरा आणि एकल गाण्यांच्या तबकड्या आहेत. 2017 चा लाइव्ह संच 42 सीडी आणि 3 ब्लू-रे असा आहे, त्यात 20 ऑपेरा आहेत आणि त्यातले 12 तिने स्टुडिओत कधी गायलेच नाहीत. 2023 मध्ये जन्मशताब्दीला 131 सीडींचा महासंच आला.

पहिल्याच खेपेला 131 सीडी घेऊ नका, अशी माझी कळकळीची विनंती आहे. एवढा ढीग समोर आला की माणूस एक अंक इथला, एक अंक तिथला ऐकतो आणि कुठल्याच रेकॉर्डिंगशी त्याची ओळख होत नाही. आधी सुटं 'तोस्का' घ्या, 1953 चं, 2014 च्या रीमास्टरमधलं, म्हणजे मूळ टेपांवरून नव्याने काढलेलं. ऑगस्टमध्ये मिलानच्या ला स्कालामध्ये ते ध्वनिमुद्रित झालं. ऑर्केस्ट्राचा संचालक व्हिक्टर दे साबाता, सोबत गायक ज्युझेप्पे दी स्तेफानो आणि तितो गोब्बी, निर्माता वॉल्टर लेग. हे मोनो आहे, म्हणजे दोन्ही स्पीकरमधून एकच ध्वनी येतो. मोनो म्हणून नाक मुरडू नका. दुसऱ्या अंकात गोब्बीचा स्कार्पिया आणि कॅलासची तोस्का समोरासमोर येतात, तेव्हा दोन स्पीकरच्या बरोबर मध्यभागी ती दोन माणसं उभी असल्यासारखी वाटतात. हा अंक किमान चार वेळा ऐका. मगच पुढचे पैसे काढा.

त्यानंतर प्रश्न येतो, स्टुडिओ की लाइव्ह? माझं उत्तर 'लुचिया दी लामेरमूर' या ऑपेरावरून ठरलं. तिची 1953 ची फ्लॉरेन्सची स्टुडिओ लुचिया, 29 सप्टेंबर 1955 ची बर्लिनची लाइव्ह लुचिया आणि 1959 ची लंडनच्या किंग्जवे हॉलमधली स्टिरिओ लुचिया, या तिन्ही आठवडाभरात एकापाठोपाठ ऐका. 1953 ला आवाज भरलेला, तार सप्तकातली काळी दोन सहज लागते. 1959 ला ध्वनिमुद्रण सर्वात स्वच्छ आहे, पण त्याच काळी दोनवर आवाज थरथरतो, ऐकताना आपलेच हात आवळले जातात. आणि बर्लिन! संचालक काराजानच्या हाताखाली पहिल्या स्वरापासून शेवटपर्यंत एकच दम आहे. लोकांच्या आग्रहामुळे प्रसिद्ध षट्कगान पुन्हा म्हणावं लागलं, तेही टेपवर आहे. रेडिओवरून प्रक्षेपित झालेली ही मैफल आहे, खोकला आणि टाळ्या ऐकू येतात. तरीही तिन्हींतली एकच ठेवायची वेळ आली तर मी बर्लिन ठेवीन.

'नोर्मा'चंही तसंच. 1954 चं स्टुडिओ नोर्मा मोनो आहे, आवाज पोलादासारखा. 1960 चं स्टिरिओ आहे, सोबत फ्रांको कोरेल्ली आणि क्रिस्टा लुडविग. तिथे आवाजाला चिरा पडू लागल्या आहेत, पण शब्दाशब्दाला दिलेला अर्थ अधिक खोल आहे. दोन्ही स्टुडिओ संचात आहेत. लाइव्ह संचात 1952 चं लंडनचं नोर्मा आहे. कॅलास समजायची असेल तर एकाच भूमिकेच्या या वेगवेगळ्या वर्षांच्या आवृत्त्या लागतातच, आणि त्यासाठीच बॉक्स सेट घ्यायचा. सुट्या सीडींत आपण 'उत्तम' आवृत्ती निवडून मोकळे होतो.

स्टुडिओ संचातली एक मोठी उणीव आधीच सांगून ठेवते, म्हणजे मागाहून हळहळ नको. तिचं एकमेव स्टुडिओ 'त्राविआता' 1953 चं, तुरीनच्या चेत्रा कंपनीसाठी केलेलं. त्या करारामुळे ईएमआयला तिच्याबरोबर ते पुन्हा करता आलं नाही, आणि 1955 चं ईएमआयचं त्राविआता आंतोनिएत्ता स्तेल्लाने गायलं. चेत्राच्या रेकॉर्डिंगमध्ये कॅलास चांगली आहे, पण सोबतचे गायक तिच्या जवळपासही येत नाहीत. म्हणून त्राविआतासाठी लाइव्ह संचातलं 28 मे 1955 चं स्कालाचं, जुलिनीने संचालन केलेलं रेकॉर्डिंग घ्या. ध्वनी धूसर आहे. त्याशिवाय 27 मार्च 1958 चं लिस्बनचं, तरुण आल्फ्रेदो क्राउसबरोबरचं रेकॉर्डिंग सुटं शोधा. 2017 च्या संचात ते नाही.

रीमास्टर म्हणजे काय, याबद्दल बऱ्याच जणांची अशी समजूत असते की जुना आवाज यंत्रात घातला की नवा होऊन बाहेर पडतो. तसं नसतं. 2014 च्या संचासाठी लंडनच्या अ‍ॅबी रोड स्टुडिओत मूळ टेपांवरून पुन्हा 24 बिट, 96 किलोहर्ट्झला प्रतिलेखन झालं. टेप बरोबर कोनात वाचणं, तिचा वेग बरोबर ठेवणं, जोडांवरचे ठोके काढणं आणि गाण्याला धक्का न लावता खरखर किती कमी करायची ते ठरवणं, हे सगळं माणसाच्या कानाने होतं. या शेवटच्या गोष्टीतच बिघडवणाऱ्यांनी बिघडवलं आहे. टेपची सळसळ पूर्ण पुसली की तिच्याबरोबर श्वास, ओठांची हालचाल, व्यंजनांची धार हेही पुसलं जातं. तानपुऱ्याची जवारी घालवून नुसता टणत्कार उरावा तसं होतं. कॅलासच्या बाबतीत हे अक्षम्य आहे, कारण तिचं अर्धं गाणं व्यंजनांत आहे. म्हणून तुलना करताना तार स्वर ऐकू नका. दोन ओळींमधली शांतता ऐका. तिथे हलकी सळसळ आणि सभागृहाची हवा जाणवली तर काम इमानदारीचं आहे. सगळं एकदम काळंठिक्कर शांत झालं तर सावध व्हा.

माझ्या कानाला 2014 चं काम आधीच्या सीडींपेक्षा मोकळं वाटतं, आवाज पुढे येतो आणि शब्द कळतात. काही ठिकाणी वरचे स्वर जरा जास्तच उजळ झाले आहेत असंही वाटतं. म्हणून जुनी प्रत विकण्याआधी दोन्ही सारख्याच मोठ्या आवाजावर, हेडफोन लावून ऐका. आवाज थोडा जरी मोठा असला तरी तीच प्रत चांगली वाटते, ही कानाची खोड आहे.

आणि स्टिरिओचा हव्यास धरू नका. तिच्या स्टुडिओ ऑपेरांत स्टिरिओ सुरू होतो तो 1957 च्या लंडनच्या 'बार्बिएरे'पासून ('द बार्बर ऑफ सेव्हिल'), पण त्याच वर्षीचं 'तुरांदोत' मोनोच आहे. जुन्या एलपींवर 'इलेक्ट्रॉनिक स्टिरिओ' असं छापलेलं दिसलं तर ती प्रत घेऊ नका. मोनो फाडून दोन्हीकडे पसरलेलं असतं ते.

लाइव्ह रेकॉर्डिंगांना रीमास्टरने चमत्कार होत नाहीत. 7 डिसेंबर 1952 च्या स्कालाच्या 'मॅकबेथ'चा ध्वनी वाईटच आहे. तरी घ्या. लेडी मॅकबेथच्या झोपेत चालण्याच्या प्रवेशात शेवटी वर्दीने तार सप्तकातली काळी एक 'आवाजाच्या एका धाग्यावर' लावायला सांगितली आहे. हाच प्रवेश तिने 1958 मध्ये लंडनला स्टुडिओत पुन्हा गायला, तो स्टुडिओ संचात मिळेल. दोन्ही लागोपाठ ऐकल्यावर खराब टेपमधूनही काय काय ऐकू येतं हे कळतं. मेक्सिको शहरातलं 1951 चं 'आइदा'ही असंच. दुसऱ्या अंकाच्या शेवटी सगळा समूह आणि ऑर्केस्ट्रा गर्जत असताना ती वर्दीने न लिहिलेली काळी दोन लावते आणि ती त्या गदारोळाच्या वर तरंगत राहते. खरखरीकडे लक्ष जातच नाही.

संच हातात आल्यावर त्याच दिवशी प्रत्येक पाकीट उघडून डिस्क मोजा. मी एकदा जुन्या बाजारातून एक मोठा संच घेतला. आठ महिन्यांनी 'सोन्नाम्बुला' ऐकायला काढलं तर एका डिस्कच्या जागी दुसऱ्याच ऑपेराची डिस्क दोनदा भरलेली. तोवर विकणाऱ्याशी बोलायची मुदत उलटून गेली होती. क्रमांक पाकिटावरचा नाही, डिस्कवरचा वाचा.

पुठ्ठ्याची पाकिटं घट्ट असतात. दोन्ही कडा बोटांनी हलक्या दाबून तोंड उघडा आणि डिस्क आपोआप तळव्यावर घसरू द्या, चिमटीत धरून ओढली की ओरखडा पडतो. नव्वदीतल्या जाड प्लास्टिकच्या डब्यांत फोमचे पातळ तुकडे असतात, ते आजच काढून फेका. आपल्याकडच्या दमटपणात तो फोम विरघळून डिस्कला चिकटतो आणि मग निघत नाही. मी ठाण्यात राहते, जूनपासून सप्टेंबरपर्यंत प्रत्येक बॉक्समध्ये सिलिका जेलच्या पुड्या असतात आणि दर पंधरवड्याला त्या बदलते. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ठेवलं आहे, बाहेरची भिंत ओल धरते.

संहितेची सोय आधी करा. 2014 च्या संचात जाडजूड पुस्तक आहे, पण ऑपेरांची संहिता त्यात छापलेली नाही. पहिल्यांदा ऐकताना इटालियन आणि भाषांतर शेजारी शेजारी असलेली प्रत मांडीवर हवीच.

सीडी संगणकावर उतरवणार असाल तर फ्लॅक या ध्वनीचा दर्जा न घटवणाऱ्या फाइल प्रकारात उतरवा आणि जे यंत्र दोन ट्रॅकमध्ये क्षणभरही थांबत नाही तेच वापरा. ऑपेराचे ट्रॅक सोयीसाठी मध्येच कापलेले असतात, आणि 'तोस्का'च्या पहिल्या अंकाच्या शेवटी येणाऱ्या 'ते देऊम'च्या ऐन भरात अर्ध्या सेकंदाची खिंड पडली तर दे साबाताने हळूहळू चढवत नेलेला सगळा डोलारा कोसळतो.

शेवटी एक वही घाला. माझ्या वहीत प्रत्येक रेकॉर्डिंगला एक ओळ आहे: ऑपेरा, गाव, तारीख, संचालक, कुठल्या संचातली प्रत, आणि सगळ्यात उजवीकडे वडिलांच्या आठवणीने ठेवलेला 'पट्टी' असा रकाना. 'नोर्मा, लंडन, 1952, गुई, वॉर्नर 2017' या ओळीत त्या रकान्यात 'पांढरी चार, किंचित चढी' असं लिहिलंय. त्याच्या खालच्या ओळीत, फार पूर्वी घेतलेल्या एका बिननावाच्या प्रतीसमोर 'काळी तीनच्या जवळ, ऐकू नये' असं आहे.