आगोटीच्या यादीत राऊटरची बॅटरी

मे महिन्यात गावी गेलं की आमच्या दापोलीकडच्या घरात आगोटीची, म्हणजे पावसाआधीच्या तयारीची, कामं एकामागून एक निघतात. घर शाकारून घ्यायचं, लाकूडफाटा पडवीत ओढायचा, मिरची कांडून आणायची, सुकट-सोडे डब्यांत भरून झाकणं घट्ट लावायची. गेल्या काही वर्षांत या यादीत एक ओळ वाढली आहे: राऊटरची बॅटरी. आई-बाबा तिथे असतात, आम्ही ठाण्यात. जांभ्याच्या जाड भिंतींच्या आत मोबाइलला रेंज अशी नसतेच, त्यामुळे घरातले सगळे फोन वायफाय कॉलिंगवर, म्हणजे टॉवरऐवजी घरच्या नेटवरून, चालतात. लाईट गेली की राऊटर बंद, आणि राऊटर बंद म्हणजे दोघांचे फोनही बंद. म्हणून ही यादी लिहून ठेवतो आहे. ज्यांचे आई-वडील गावाला एकटे आहेत त्यांनी तरी मृग लागायच्या आत यातलं एकेक काम उरकावं, अशी कळकळीची विनंती.

बाबा नेहमी म्हणतात, जुन्या लँडलाइनला कधी लाईट लागली नाही. ते खरं आहे. तांब्याच्या तारेतून एक्स्चेंजमधल्या ४८ व्होल्टच्या बॅटऱ्यांची वीजच घरापर्यंत येत असे, आणि तेवढ्यावर फोन वाजायचा, बोलणं व्हायचं. फायबर म्हणजे काच. तिच्यातून प्रकाश येतो, वीज येत नाही. एक्स्चेंजवाले जी बॅटरी आपल्यासाठी सांभाळत होते, ती फायबर आलं त्या दिवसापासून आपल्या घरात यायला हवी होती. जोडणी करून देणाऱ्याने हे सांगितलं नाही आणि आपण विचारलं नाही.

तेव्हा पहिलं काम पैसे खर्च करण्याचं नाही, विचारण्याचं आहे. जोडणी देणाऱ्या माणसाला फोन करा आणि विचारा, आमच्या घरापर्यंत सरळ फायबर आहे की मध्ये कुठे लाईटवर चालणारा डबा आहे? मोठ्या कंपन्यांच्या फायबरला वाटेत सहसा विजेची गरज नसते. वाटेतले स्प्लिटर नुसते प्रकाश वाटून देतात, त्यांना लाईट लागतच नाही. गावची लाईट गेली तरी कंपनीच्या केंद्रात बॅटरी किंवा जनरेटर चालू असेल तर घरापर्यंत नेट येत राहतं. गावातल्या केबलवाल्याचं बऱ्याचदा तसं नसतं. त्याने फायबर एखाद्या घराच्या माळ्यावर आणून पुढे साधी लॅन वायर फिरवलेली असते, आणि माळ्यावरचा नेट वाटून देणारा डबा, म्हणजे स्विच, त्या घराच्या लाईटवर चालतो. तिथली लाईट गेली की तुमच्या घरात कितीही मोठी बॅटरी असली तरी उपयोग नाही. अशा वेळी आधी त्या स्विचला बॅटरी बसवायला लावा. पाच-सहा घरांनी वर्गणी काढली तर कुणालाच जड जात नाही.

त्यानंतर घरात काय काय चालू राहायला हवं ते ठरवा, आणि इथे मन घट्ट करा. फायबर ज्यात शिरतं तो डबा, म्हणजे ओएनटी, आणि वायफायचा राऊटर. बऱ्याच घरांत दोन्ही एकाच डब्यात असतात. आमच्याकडे वेगळे आहेत. नवखी माणसं नुसता राऊटर बॅटरीवर घेतात आणि फायबरचा डबा विसरतात. मग मोबाइलवर वायफायची पूर्ण कांडी दिसते आणि फोन लागत नाही. टीव्हीचा बॉक्स, कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर, प्रिंटर यांना या बॅटरीवर घेऊ नका. रेकॉर्डर एकटाच राऊटरपेक्षा जास्त वीज खातो. माजघरात दुसरा वायफाय पॉइंट लावला असेल आणि आई तिथूनच बोलत असेल, तर मात्र त्याला धरावंच लागेल.

आता अडॅप्टर हातात घ्या. बारीक अक्षर वाचायला मोबाइलने फोटो काढून मोठा करून पाहा. ‘आउटपुट’ या शब्दापुढे १२ व्होल्ट, १ अँपिअर किंवा १.५ अँपिअर असं काहीतरी असेल. काही राऊटर ९ व्होल्टचे असतात, काही छोटे ५ व्होल्टचे, आणि अँटेनावाल्या वायरलेस जोडणीला २४ किंवा ४८ व्होल्ट लागू शकतात. व्होल्ट तंतोतंत जुळलेच पाहिजेत. अँपिअर बॅटरीच्या बाजूला जास्त असले तरी चालतं, कमी असले तर चालत नाही. शेजारी एक छोटी गोल खूण असते: मध्ये ठिपका, बाजूला अर्धवर्तुळ, एकावर अधिक आणि एकावर उणे. बहुतेक वेळा अधिक मधल्या टोकाला असतो, पण ‘बहुतेक’वर विसंबू नका, खूण पाहा. उलटी पिन लागली तर डबा एका क्षणात जातो. पिनची जाडीही नीट पाहा. बाहेरून ५.५ मिलिमीटरच्या दोन पिना दिसायला सारख्याच, पण एकीचं आतलं भोक २.१ आणि दुसरीचं २.५ मिलिमीटर. चुकीची पिन बसते, पण सैल बसते, आणि हात लागला की राऊटर बंद पडतो.

अडॅप्टरवरचा आकडा ही कमाल मर्यादा असते, खरा खप त्याहून बराच कमी. व्होल्टला अँपिअरने गुणलं की वॅट येतात; आमच्या दोन डब्यांच्या अडॅप्टरांची बेरीज ३० वॅट भरते. भिंतीच्या प्लगला लावायचा वॅटमीटर एका इलेक्ट्रिशियन मित्राकडून आणून लावला, तर दोन्ही मिळून ११ वॅट. हा एक आकडा मिळाला की बाकी सगळा हिशेब तोंडी होतो. दोन तास हवे असतील तर २२ वॅट-तास, सहा तास हवे असतील तर ६६, रात्रभराच्या दहा तासांना ११०. वाटेत नासधूस होतेच, म्हणून वर पाचवा हिस्सा आणखी धरा.

दुकानात मात्र वॅट-तास सांगत नाहीत, एमएएच, म्हणजे मिलिअँपिअर-तास, सांगतात, आणि फसगत नेमकी तिथे होते. मिनी यूपीएसच्या, म्हणजे राऊटरसाठी मिळणाऱ्या छोट्या तयार बॅटरीच्या, खोक्यावर ८,८०० एमएएच लिहिलेलं असतं ते आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलच्या हिशेबाने, तुमच्या १२ व्होल्टच्या नव्हे. ८,८०० एमएएच म्हणजे ८.८ अँपिअर-तास. ८.८ ला ३.७ ने गुणा: साडेबत्तीस वॅट-तास. नासधूस वजा केली की सत्तावीस हाती येतात, म्हणजे आमच्या ११ वॅटला जेमतेम अडीच तास. दुकानदार ‘सहा तास आरामात’ म्हणाला तर त्याला विचारा, किती वॅटवर?

लाईट तास-दोन तास जात असेल तर असा मिनी यूपीएस पुरतो. पुण्यातल्या बहिणीकडे महावितरणचं देखभालीचं काम गुरुवारी असतं, तिने हाच घेतला. तिच्या घरात फायबर आणि वायफाय एकाच डब्यात आहे, त्यामुळे खपही थोडा. मिनी यूपीएस घेताना बीआयएसची (भारतीय मानक ब्युरोची) खूण आणि लिथियम सेलसाठीचा आयएस १६०४६ हा क्रमांक पाहूनच घ्या. सेल कोणते आहेत तेच सांगता येत नाही अशी बिननावाची वस्तू घरात चोवीस तास चार्जिंगला ठेवणं मला पटत नाही. कॉम्प्युटरचा जुना यूपीएस पडून असेल तर तोही चालतो. त्यात सहसा १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासांची बॅटरी असते, म्हणजे कागदावर ८४ वॅट-तास. पण तो आधी १२ व्होल्टचे २३० करतो आणि अडॅप्टर त्या २३० चे पुन्हा १२ करतो. या उलटापालटीत बरंच वाया जातं, आणि रात्री दोन वाजता तो टीं-टीं करत म्हाताऱ्या माणसांना उठवतो. पॉवर बँकेला १२ व्होल्टची केबल लावण्याचा उपाय पुष्कळजण सांगतात. प्रवासात ठीक आहे. घरात नको, कारण अनेक पॉवर बँका एकाच वेळी स्वतः चार्ज होऊन पुढे वीज देत नाहीत, आणि ज्या देतात त्यातल्या काही लाईट जाता-येता क्षणभर थांबतात.

घरात इन्व्हर्टर आहे, मग वेगळं कशाला, असं वाटेल. १५० अँपिअर-तासांची ट्युब्युलर बॅटरी म्हणजे १,८०० वॅट-तास, राऊटरला डोंगराएवढे. पण त्यातून पंखे चालतात, आणि तीन पंख्यांनी पहाटेपर्यंत ती उतरली की राऊटरही तिच्याबरोबर जातो. शिवाय इन्व्हर्टर साध्या मोडवर असेल तर लाईट जाताना इतका खंड पडतो की डबा बंद होऊन पुन्हा सुरू होतो आणि दोन-तीन मिनिटं नेट नसतं. बऱ्याच इन्व्हर्टरना यूपीएस मोडचं बटण असतं, ते लावून पाहा. सगळ्यात चांगलं म्हणजे इन्व्हर्टरच्या प्लगवरच मिनी यूपीएस लावायचा. खंड जाणवत नाही, आणि इन्व्हर्टर संपल्यावरही दोन तास हाताशी राहतात.

आम्हाला मात्र रात्र काढायची होती. म्हणून १२.८ व्होल्ट, १२ अँपिअर-तासांची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी घेतली. दीडशेच्या वर वॅट-तास, नासधूस जाऊन १३० धरा, म्हणजे जवळजवळ बारा तास. हा मार्ग घेणार असाल तर तीन गोष्टी आधी लिहून घ्या. बॅटरी थेट राऊटरला जोडायची नाही, कारण चार्ज होताना ती १४ व्होल्टच्या वर जाते. मध्ये कायम १२ व्होल्ट देणारा कन्व्हर्टर हवा. चार्जर याच जातीच्या बॅटरीचा, १४.६ व्होल्टचा हवा, इन्व्हर्टरच्या बॅटरीचा चालत नाही. आणि बॅटरीच्या अधिक टोकापाशीच फ्यूज हवा. वायर उंदराने कुरतडली तर आग लागू न देणारा तो एक फ्यूज आहे, तेव्हा ‘नंतर लावू’ म्हणणाऱ्या माणसाकडून काम करून घेऊ नका.

मिनी यूपीएसच्या बाबतीत एक चूक माझ्या हातून झाली, ती सांगतो. आमच्या पहिल्या मिनी यूपीएसला चार्ज करायला राऊटरचाच १ अँपिअरचा अडॅप्टर लावला होता. एरवी काही कळलं नाही. एके दिवशी लाईट बराच वेळ गेली, बॅटरी पूर्ण उतरली, आणि लाईट आल्यावर राऊटर सुरू-बंद, सुरू-बंद करत राहिला. एकच अडॅप्टर दोन डबेही चालवणार आणि रिकामी बॅटरीही भरणार, हे त्याला झेपत नव्हतं. आई अर्धा दिवस संपर्काबाहेर होती, तेही घरात लाईट असताना. चार्जिंगला २ किंवा ३ अँपिअरचा अडॅप्टर घ्या. यूपीएसच्या पुस्तिकेत किती हवा ते दिलेलं असतं.

जागा निवडताना हवा आणि ओल दोन्ही बघा. लिथियमला उष्णता सोसत नाही, तेव्हा राऊटरच्या डोक्यावर ठेवू नका, टीव्हीच्या बंद कपाटातही नको. कौलाखाली पागोळ्यांचे शिंतोडे येतील अशी भिंत नको. गरम डब्यात मुंग्या आणि पाली उबेला येतात, म्हणून जमिनीपासून वर, लाकडी फळीवर ठेवा.

विजांपासून बॅटरी वाचवत नाही, हेही लक्षात असू द्या. पण तिचा एक फायदा मला नंतर उमगला. ढग गडगडायला लागले की आमच्याकडे सगळे प्लग काढायची पद्धत आहे आणि ती योग्यच आहे. आता चार्जरचा प्लगही काढायचा, बॅटरीवर नेट चालू राहतं. ऐन विजांच्या वेळीच नेमका फोन बंद, असं आता होत नाही.

सगळं जोडून झाल्यावर परीक्षा घ्या, आणि ती पाऊस पडायच्या आत घ्या. कुणालातरी वायफाय कॉल लावा, बोलत असतानाच भिंतीवरचं बटण बंद करा. आवाज तुटला नाही पाहिजे. ज्या ज्या मोबाइलवरून बोलायचं त्या प्रत्येकात वायफाय कॉलिंग चालू आहे का ते याच वेळी तपासा. फोन विमान मोडवर टाकून फक्त वायफाय चालू करा आणि फोन लागतो का बघा. मग बॅटरी पूर्ण उतरेपर्यंत थांबा, किती वाजता बंद पडली ते लिहा. शेवटी बटण चालू करा आणि रिकाम्या बॅटरीवर डबे नीट उभे राहतात का ते पाहा. या शेवटच्या पायरीसाठी कुणी थांबत नाही, आणि आमची फजिती तिथेच झाली होती.

मोठ्या वादळाचा विचार वेगळा करावा लागतो. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर दापोली-मंडणगडकडच्या कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. माड-पोफळी आडव्या झाल्या तिथे तारा आणि केबल कशा टिकणार. केबलच तुटली तर बॅटरी काही करू शकत नाही, म्हणून दुसऱ्या कंपनीचं एक सिम घरात असू द्या, आणि गावात कुठल्या जागी त्याला रेंज येते ते आत्ताच हिंडून पाहून ठेवा. केबल शाबूत राहिली तर मात्र बॅटरी पुरवून वापरायची. सकाळी एक तास, संध्याकाळी एक तास. रोजचे २२ वॅट-तास धरले तर आमच्या १३० मध्ये सहा दिवस निघतात. ती वेळ नातेवाइकांना आधीच सांगून ठेवा, म्हणजे इतर वेळी फोन लागला नाही तरी कुणाचा जीव टांगणीला लागणार नाही. आमची वेळ सकाळी आठ आणि संध्याकाळी सात.

बॅटरी बसवल्याचा महिना आणि वर्ष तिच्यावरच पेनाने लिहा. दर तीन महिन्यांनी बटण बंद करून अर्धा तास चालवून बघा. पहिल्यापेक्षा निम्मा वेळही टिकेनाशी झाली की बदला. जुनी बॅटरी भंगारवाल्याला किंवा कचऱ्यात न देता दुकानदाराकडे परत द्या. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांप्रमाणे ती गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे.

आणि एक कागद. आमच्याकडे तो फळीच्या वर, बाबांच्या डोळ्यांच्या उंचीवर चिकटवला आहे, मोठ्या अक्षरांत. कोणता दिवा हिरवा असायला हवा, कोणता लाल झाला की केबल तुटली असं समजायचं, विजा चमकल्या की कोणता प्लग काढायचा, केबलवाल्याचा नंबर, महावितरणचा १९१२, आणि लाईट लांबली तर बटण कधी चालू आणि कधी बंद. दिव्यांची चित्रं नातीने रंगवली आहेत. वरून प्लॅस्टिक लावलंय, ओल धरू नये म्हणून.