स्पेस फँटसी लिहिताय? मग हिरोला आधी घाबरू द्या

स्पेस फँटसी लिहायला बसलेले बहुतेक जण आधी ग्रह बनवतात, मग ग्रहांची नावं, मग साम्राज्य, मग त्या साम्राज्याचा काही हजार वर्षांचा इतिहास, आणि हिरोचा नंबर लागेपर्यंत दम संपलेला असतो, म्हणून मग उंच, देखणा, तलवारीत तरबेज आणि जुन्या भविष्यवाणीत नाव असलेला असा कोणीतरी उरकून टाकतात. असा हिरो पडद्यावर आला की जांभई येते, कारण याला काही होणार नाहीये हे पहिल्या पाच मिनिटांतच कळलेलं असतं ना.

तर उलटं करा. आधी माणूस, मग ग्रह.

आणि याचं कारण "साधा हिरो आपलासा वाटतो" एवढंच नाहीये. पोलिसांच्या पिक्चरमध्ये गोळी लागली की काय होतं ते आपल्याला आधीच माहितीये. स्पेस फँटसीत सगळंच बनवलेलं, त्या लेझरने माणूस मरतो का नुसता भाजतो, ती शक्ती वापरली की काय गमवावं लागतं, समोरचा सहा पायांचा प्राणी पाळीव आहे का आपल्याला खाणारा, प्रेक्षकाला कशाचाच अंदाज नसतो. तो अंदाज त्याला मिळतो हिरोच्या चेहऱ्यावरून. हिरो टरकला म्हणजे गोष्ट टरकण्यासारखी आहे. हिरोच बिनधास्त असेल तर तुम्ही पन्नास जहाजं फोडा, नुसता उजेड आणि आवाज. म्हणजे ज्याला लागतं, दुखतं असा हिरो ही त्या अख्ख्या खोट्या जगाची मोजपट्टी आहे, आणि पुढचं सगळं यावरूनच ठरवायचं.

पहिलं काम, त्याला एक बारीकशी इच्छा द्या. आकाशगंगा वाचवणं ही इच्छा नाही, ती पोस्टरवरची ओळ झाली. 1977 चा पहिला स्टार वॉर्स परत बघा. त्याचा हिरो ल्यूक पहिल्यांदा नीट दिसतो तेव्हा काका रोबो विकत घेतायत आणि हा कुरकुरतोय की मला टॉशी स्टेशनला पॉवर कन्व्हर्टर आणायला जायचं होतं! त्याला अ‍ॅकॅडमीत जायचंय, काका म्हणतायत अजून एक हंगाम थांब. मग तो बाहेर येऊन दोन सूर्य मावळताना बघत उभा राहतो, एक शब्द बोलत नाही, जॉन विल्यम्सचं संगीत चढत जातं आणि काम झालं. सूर्य दोन आहेत, पण घरचे सोडत नाहीत ही अडचण कुठल्याही ग्रहावरची आहे. 2008 च्या वॉल-ई मधल्या कचरा दाबणाऱ्या रोबोला तर फक्त कोणाचा तरी हात धरायचाय, जुन्या म्युझिकल पिक्चरच्या टेपमध्ये बघितलंय तसा. अख्ख्या मानवजातीचं भवितव्य वगैरे नंतर येतं. तुमच्या हिरोची इच्छा एका वाक्यात लिहून बघा, आणि त्या वाक्यात नियती किंवा साम्राज्य आलं तर खोडा आणि परत लिहा.

दुसरं, साधा म्हणजे बावळट नाही, हे लोक फार विसरतात. साध्या माणसाला काम असतं आणि त्या कामातून त्याला काहीतरी येत असतं. 2015 च्या स्टार वॉर्समधली, द फोर्स अवेकन्समधली रे भंगार गोळा करून त्यावर पोट भरते, म्हणून तिला जहाजांची आतली पोटं पाठ आहेत, आणि पुढे ती मिलेनियम फाल्कन हे जहाज दुरुस्त करते तेव्हा हे हिला कुठून आलं असं विचारावं लागत नाही. तसंच 1977 च्या पिक्चरमध्ये डेथ स्टार, म्हणजे व्हिलनचा महाकाय अंतराळतळ, उडवायला ज्या भोकात नेम धरायचाय ते फक्त दोन मीटरचं आहे म्हटल्यावर दुसरा पायलट म्हणतो अशक्य, आणि ल्यूक म्हणतो मी गावाकडे वॉम्प रॅट नावाचे प्राणी मारायचो, ते पण साधारण तेवढेच असायचे. एका ओळीत शेतावरचा पोरगा आणि क्लायमॅक्स जोडला. अशी एखादी ओळ सापडेपर्यंत क्लायमॅक्स लिहूच नका खरं तर.

आता कमजोरी. इथे सगळ्यात जास्त गडबड होते, कारण लोकांना वाटतं हिरोला एकदा रडवला की झाला व्हल्नरेबल. नाही होत. कमजोरीची किंमत सीनमध्ये वसूल झाली पाहिजे, ती पण हिरोकडूनच. स्टार वॉर्सचा पुढचा भाग, एम्पायर स्ट्राइक्स बॅक, 1980. ल्यूकला दलदलीतलं जहाज मनाच्या शक्तीने उचलता येत नाही, म्हणतो फार मोठं आहे, मग त्याचा छोटासा गुरू योडा ते उचलून दाखवतो. पुढे हा ट्रेनिंग अर्धवट टाकून मित्रांना वाचवायला धावतो, कोणीही धावला असता, आणि होतं काय, त्याचा मित्र हान सोलोला व्हिलनचे लोक घेऊन जातातच, याचा हात तुटतो, आणि शेवटी ज्यांना वाचवायला आला होता त्यांनाच जहाज वळवून याला वाचवायला यावं लागतं. उतावीळपणा हा दोष आहे हे योडा डायलॉगमध्ये सांगतो पण, तरी ते पटतं तुटलेल्या हातामुळे.

रडणं ठेवायचंच असेल तर ते एखाद्या वस्तूला किंवा हालचालीला बांधा. 2014 च्या गार्डियन्स ऑफ द गॅलक्सीत लहानगा पीटर मरणाऱ्या आईचा हात धरायला घाबरतो आणि ती जाते. मोठा झाल्यावर तो चोर, फुशारक्या मारणारा, पण जुना वॉकमन जप्त झाला की जेलमधून पळता पळता त्याच्यासाठी मागे फिरतो, कारण कॅसेट आईने दिलेली. आणि शेवटी हातातल्या दगडाच्या शक्तीने शरीर फाटायची वेळ येते तेव्हा कोणीतरी म्हणतं माझा हात धर, आणि या वेळी तो धरतो. दोनच हात, पण मधल्या सगळ्या विनोदांना त्याचं वजन मिळतं.

हिरोला नाही म्हणू द्या, हे पटकन सांगतो. 1984 च्या द लास्ट स्टारफायटरमधल्या अ‍ॅलेक्सला अंतराळातल्या युद्धात नेतात तर तो सरळ म्हणतो मला घरी सोडा. बरोबरच आहे, तुम्ही पण हेच म्हणाल. जो लगेच हो म्हणतो त्याची काळजी करायची गरज राहत नाही. आणि त्याला मदत घेऊ द्या, एकट्याने सगळं जिंकणारा डोक्यात जातो. ल्यूकचं बघा, वाळवंटात बेशुद्ध पडतो तेव्हा म्हातारा गुरू ओबी-वान वाचवतो, कचऱ्याच्या खोलीत रोबो वाचवतात, शेवटच्या हल्ल्यात व्हिलन वेडर मागे लागलेला असताना हान येऊन वाचवतो, तरीही पिक्चर त्याचाच राहतो.

आता तुम्ही म्हणाल, अहो पण ल्यूक तरी कुठे साधा, तो वेडरचाच मुलगा निघाला ना! निघाला, पण कधी आणि कसा ते बघा. पहिल्या पिक्चरमध्ये आपल्याला ते माहीतच नाही, तोवर तो शेतावरचा पोरगा म्हणून आपला होऊन गेलाय. आणि कळतं तेव्हा ते बक्षीस म्हणून कळत नाही, हात तुटलेल्या अवस्थेत, सगळ्यात वाईट बातमी म्हणून कळतं. खास रक्त, खास घराणं आणायचं तर ते असं आणा की हिरोला ते नकोसं होईल. पहिल्याच सीनमध्ये म्हातारा ऋषी येऊन तूच तो म्हणाला की मोजपट्टी मोडली.

क्लायमॅक्समध्ये जुनी सवय परत डोकं वर काढते, एवढा वेळ दुबळा होता तर आता त्याला सुपरपॉवर देऊन टाकू असं वाटतं. मोह टाळा. 1983 च्या तिसऱ्या भागात, रिटर्न ऑफ द जेडायमध्ये, ल्यूक खरं तर जिंकलेला असतो, चिडून वेडरचा हात तोडतो, मग स्वतःच्या यांत्रिक हाताकडे बघतो आणि हत्यार फेकून देतो. पुढे वेडरचा मालक, सम्राट, त्याला विजेने भाजून काढतो आणि हा जमिनीवर पडून वडिलांना हाक मारतो. इतकं हतबल तो तिन्ही पिक्चरमध्ये दुसरीकडे कुठे वाटत नाही, आणि निकाल तिथेच लागतो. हत्यार टाकायला कुठलीच शक्ती लागत नाही, म्हणून तो निर्णय आपण स्वतःशी ताडून बघू शकतो.

ड्राफ्ट झाला की दोन गोष्टी तपासा. एक, प्रत्येक मोठ्या सीनमधून जहाजं आणि लेझर काढून टाका आणि उरलेलं भांडण उभं राहतंय का बघा, नसेल तर अजून स्पेशल इफेक्ट घालून ते उभं राहणार नाही. दोन, जिथे जिथे "तो निर्भयपणे पुढे गेला" असं लिहिलंय तिथे थांबा आणि त्याचे हात काय करतायत ते लिहा.