बंदूक आणि गाडी ठाण्यात अडकण्याआधीची तयारी

काजूची बोंडं पिकायला लागली की आमचे काका रात्री बागेत राखणीला जातात. सोबत परवान्याची बारा बोअरची एकनळी, आणि गाडी चालवायला चुलतभाऊ. एका रात्री परतताना नाक्यावर गाडी अडवली. भावाच्या लायसन्सची मुदत संपलेली, आणि काकांचं उत्तर, "परवानो घराक ऱ्हवलो, सायबानू." बंदूक गेली, गाडीही गेली. गाडी पाचव्या दिवशी दारात आली. बंदूक आली तेव्हा पाऊस लागून महिना झाला होता. त्या सगळ्या खेपा घातल्यावर घरात जी तयारी करून ठेवली, ती ही.

आधी बंदुकीचं. परवान्याची मूळ पुस्तिका कपाटात नाही, बंदुकीच्या खोळीतच. शस्त्र अधिनियम 1959 च्या कलम 19 प्रमाणे परवाना मागितला आणि दाखवता आला नाही, तर बंदूक ताब्यात घेता येते. तो घरी आहे हे खरं असलं तरी. कपाटात राहायची ती झेरॉक्स, सगळ्या पानांची, आणि बंदुकीवर कोरलेल्या नंबराचा स्पष्ट फोटो. परवान्यावरचा यूआयएन, म्हणजे परवानाधारकाचा ओळख क्रमांक, वेगळा लिहून ठेवा. क्षेत्राचा रकाना एकदा नीट वाचा: परवाना जिल्ह्यापुरता असेल तर आमच्या सिंधुदुर्गातल्या बांद्याच्या पुढे गोव्यात बंदूक न्यायची नाही, पाहुण्यांचं लग्न असो की काहीही. काडतुसं मोजून न्या आणि पुस्तिकेतल्या नोंदीशी जुळवा. इथे दोनाचा फरकसुद्धा महागात पडतो. नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपायच्या दोन महिने आधी देऊन पोच त्याच खोळीत ठेवा. परवाना संपलेला असेल तर पुढचं सगळं बोलणंच लंगडं होतं.

एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. दुरुस्तीला किंवा नूतनीकरणाला मुलाच्या हाती बंदूक पाठवायची असेल, तर परवानाधारक सोबत हवा किंवा त्याचं लेखी पत्र हवं. कलम 3 मध्येच ही सोय आहे. साध्या कागदावर चार ओळी, बंदुकीचा नंबर, तारीख, सही. आमच्याकडे अशी पत्रं कोणी लिहीत नाही, कारण गावात सगळे ओळखतात. नाक्यावरचा हवालदार मात्र बदलीवर आलेला असतो.

गाडीच्या कागदांना फोन चालतो, डिजीलॉकर किंवा एमपरिवहनमधले कागद कायद्याने ग्राह्य आहेत. पण घाटात रेंज नसते, म्हणून एक छापील संच डॅशबोर्डात टाकून ठेवा. लायसन्स, नोंदणी किंवा लागू असेल तिथे परमिट नसेल, तर मोटार वाहन अधिनियमाच्या कलम 207 खाली गाडी अडकवून ठेवता येते.

आता प्रत्यक्ष ताब्यात घेतात त्या वेळचं, आणि इथेच बहुतेकांचं चुकतं. आमचंही चुकलं. काका हुज्जत घालत बसले आणि विचारायचं तेच राहून गेलं: कुठल्या कलमाखाली घेताय? गाडी आणि बंदूक एकाच रात्री गेली तरी त्यांच्या वाटा वेगळ्या. 207 खाली गेलेली गाडी कागद दाखवून, दंड भरून परिवहन खात्याकडून किंवा अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याकडून सुटते. गुन्हा नोंदवून मुद्देमाल म्हणून जप्त केली, तर कोर्टात जावं लागतं. बंदूक मुद्देमालात गेली तर तिलाही कोर्टच. पण परवानाच निलंबित झाला असेल तर कोर्टाचा आदेश हातात येऊनही ती घरी येत नाही, आधी जिल्हादंडाधिकाऱ्यांच्या कार्यालयात, आमच्यासाठी ओरोसला. निलंबनाच्या आदेशाविरुद्ध अपील करता येतं, पण त्यासाठी आदेश लेखी हवा. तोंडी "परवाना रद्द झाला" यावर घरी येऊ नका.

पंचनामा सही करण्याआधी वाचा, चष्मा घरी राहिला असेल तर दुसऱ्याकडून वाचून घ्या. बंदुकीचा नंबर, नळ्या किती, काडतुसं किती, दस्त्याला चीर असेल तर तीही. गाडीचं किलोमीटर, स्टेपनी, जॅक, टेप, काचेवरचा तडा. आमच्या पंचनाम्यात फक्त "एक चारचाकी वाहन" होतं, म्हणून जॅक कुठे गेला हे विचारायला तोंड उरलं नाही. नव्या नागरिक सुरक्षा संहितेत, 1 जुलै 2024 पासून लागू, कलम 105 प्रमाणे झडती-जप्तीचं चित्रीकरण व्हायचं असतं. ते झालं का, एवढं नम्रपणे विचारा. नक्कल मागा, स्टेशन डायरीतला नोंद क्रमांक फोनमध्ये टिपा.

दुसऱ्या दिवशी वकील. पोलिसांनी जप्तीची खबर मॅजिस्ट्रेटना लगेच द्यायची असते. मुद्देमाल परत मिळण्याचा अर्ज संहितेच्या कलम 497 किंवा 503 खाली प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे होतो. जुने वकील अजून 451 आणि 457 म्हणतात, ती आधीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेतली हीच कलमं, गोंधळू नका. सुंदरभाई अंबालाल देसाई विरुद्ध गुजरात राज्य हा सर्वोच्च न्यायालयाचा 2002 चा निकाल वकिलांना पाठ असतो: वाहनं ठाण्याच्या आवारात कुजत ठेवू नयेत, हमी घेऊन सोडावीत. पोलिसांचं म्हणणं मागवलं जातं, त्यात तारखा जातात. सुपुर्तनाम्यासाठी, म्हणजे वस्तू परत घेताना द्यायच्या हमीपत्रासाठी, जामीनदाराचा सातबारा आणि आधार आधीच तयार ठेवा. बंदूक न्यायवैद्यक तपासणीला गेली असेल तर अहवाल येईपर्यंत धीर धरावा लागतो.

वन खात्याने घेतली असेल तर मात्र वेगळं प्रकरण. शेतीसंरक्षणाचा परवाना म्हणजे डुकराच्या शिकारीचा परवाना नव्हे, आणि वन्यजीव कायद्यात बंदुकीबरोबर गाडीही कायमची जाऊ शकते. तिथे पहिल्या तासातच वकील गाठा, स्वतः जबाब देत बसू नका.

परत घेताना घाई नको. गाडीची बॅटरी उतरलेली असणार, घरची एक घेऊन जा. आवारात उभ्या गाडीत उंदीर वायरी कुरतडतात, बॉनेट उघडून बघा. बंदुकीचा नंबर परवान्याशी ताडून पाहा, नळी उजेडाकडे धरा. काकांनी तिथेच बाकावर बसून नळीतून तेलाचा फडका ओढला, तो गंजाने तांबडाभडक निघाला. ते त्यांनी पोच देताना सहीच्या वर लिहून ठेवलं, आणि मगच सही केली.