जुनी लेन्स घेताना-विकताना पेमेंटची फी कधी वाचवायची आणि कधी गपचूप भरायची

गेली दहा-बारा वर्षं मी जुन्या कॅमेरा लेन्स घेतोय आणि विकतोय. धंदा नाही, नाद आहे, एक आली की दुसरी जाते म्हणजे घरी बोलणी बसत नाहीत. या काळात सगळ्यात जास्त वैताग एकाच सल्ल्याने आणलाय, "अरे डायरेक्ट जीपे कर ना, फी कशाला भरतोस?" हा सल्ला देणाऱ्याचे पैसे अजून बुडालेले नसतात एवढंच. आणि "अनोळखी माणसाकडून काही घेऊच नये" म्हणणारे काका वेगळे, त्यांनी बहुतेक आयुष्यात जुनं काही घेतलेलंच नसतं.

खालचं सगळं मी लेन्सच्या हिशोबाने सांगतोय, पण फोन, लॅपटॉप, हार्मोनियम, इन्स्टावरची पैठणी, काहीही असो, गोष्ट तीच.

पायरी १ : वस्तू बघा, भाव ठरवा

हे तुम्हाला येतंच. सिरीयल नंबर दिसेल असा फोटो मागवा, त्यात आजची तारीख लिहिलेली चिठ्ठी शेजारी ठेवायला सांगा. ठेवत नसेल तर पुढे जाऊ नका.

पायरी २ : समोरासमोर जमतंय का ते बघा

जमत असेल तर प्रश्नच मिटला. एकाच शहरात असाल तर कॅफेत भेटा, लेन्स कॅमेऱ्याला लावा, चार फोटो काढा, टॉर्च मारून बघा आणि तिथल्या तिथे यूपीआय करा. इथे फी भरण्यात काहीच अर्थ नाही, कारण तुमचं संरक्षण तुमचे डोळे आहेत.

दुसऱ्या गावात असेल तर आधी नातेवाईक आठवा. मी गंमत करत नाहीये. नागपूर, कोल्हापूर, मडगाव, बडोदा, इंदूर, कुठे ना कुठे आपला मावसभाऊ, कॉलेजचा मित्र, बायकोची आत्या असतेच. त्यांना व्हिडिओ कॉलवर ठेवून लेन्स बघायला लावा, पैसे तिथेच द्या, दिवाळीला कोणीतरी इकडे येताना घेऊन येईल. मी तीन लेन्स अशा आणल्यात, खर्च एक किलो चितळ्यांची बाकरवडी.

पायरी ३ : पैसे कसे द्यायचे (इथेच मी आपटलो)

आता मुख्य मुद्दा. विकणारा लांबचा आहे, ओळखीचा कोणी नाही, आणि तो म्हणतोय "लिंकने दिले तर दोन टक्के वर लागतील, नाहीतर या नंबरवर जीपे करा." (लिंक म्हणजे पेमेंट गेटवेची, जिच्यावर क्रेडिट कार्डाने पैसे देता येतात.)

२०१९ साली मला हेच सांगितलं गेलं. विकणारा छोटा दुकानदार होता, लेन्स १६,००० ची. लिंकने दिले असते तर दोन टक्के म्हणजे ३२० आणि त्या फीवर १८ टक्के जीएसटी म्हणजे ५७ रुपये ६० पैसे, एकूण धरा ३७८. मी हुशारी केली आणि त्याच्या पर्सनल नंबरवर सरळ पाठवले. चार दिवसांनी लेन्स आली, आतमध्ये फंगस म्हणजे बुरशी, कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे धागे. तो म्हणाला तुमच्याकडे पावसाळा आहे, तुमच्याकडेच झाली असेल. चार दिवसांत! मग फोन उचलणं बंद. बँकेत गेलो तर तिथल्या माणसाने शांतपणे विचारलं, पिन कोणी टाकला? मी. मग तो म्हणाला, मग आम्ही काय करणार.

आणि तो बरोबर होता, हेच मला तेव्हा माहीत नव्हतं. लोक म्हणतात आरबीआयचा नियम आहे, तीन दिवसांत कळवलं की पैसे परत. तो नियम आहे, २०१७ चा, पण तो तुमच्या परवानगीशिवाय कोणी पैसे काढले तर त्यासाठी आहे. तुम्ही स्वतः पिन टाकून पाठवलेत तर तो व्यवहार बँकेच्या दृष्टीने शंभर टक्के तुमचाच. तसंच ट्रान्झॅक्शन फेल झालं, पैसे कापले गेले आणि पोचले नाहीत, तर ते आपोआप परत येतात आणि उशीर झाला तर बँकेला दिवसाला १०० रुपये भरपाई द्यावी लागते, हेही खरं, पण माझे तर व्यवस्थित पोचले होते ना! माणसाकडून माणसाला गेलेलं यूपीआय म्हणजे हातात दिलेली नोट समजा. नोट परत मागायला बँक मध्ये नसते.

क्रेडिट कार्डाचं तसं नाही. तिथे वस्तू आली नाही किंवा सांगितल्यासारखी नाही आली तर बँकेकडे डिस्प्यूट टाकता येतो, चार्जबॅक म्हणतात त्याला. विझा-मास्टरकार्डच्या नियमांत साधारण १२० दिवसांची मुदत असते, पण तुम्ही तेवढं थांबू नका, आठवड्याच्या आत टाका. ती दोन टक्के फी याच्यासाठीच आहे असं मी आता धरतो. १६,००० च्या वस्तूचा ३७८ रुपयांचा विमा. महाग नाहीये.

आता एक गोष्ट जी कोणी सांगत नाही. दुकानदार जेव्हा म्हणतो "यूपीआयला चार्ज लागतो म्हणून पर्सनल नंबरवर टाका", तेव्हा तो चुकीचं सांगतोय. बँक खात्यातून होणाऱ्या यूपीआयवर आणि रुपे डेबिट कार्डावर दुकानदाराला १ जानेवारी २०२० पासून एमडीआर, म्हणजे पैसे घेण्याबद्दल त्याच्याकडून कापलं जाणारं कमिशन, शून्य आहे. म्हणजे दुकानाच्या क्यूआरवर घेतले तरी त्याचं काही जात नाही (वॉलेटमधून किंवा रुपे क्रेडिट कार्ड जोडून दिले तर २,००० च्या वर लागतं, ती गोष्ट वेगळी). तरीही तो दुकानाचं खातं सोडून बायकोच्या, मेव्हण्याच्या नंबरवर मागत असेल तर कारण फी नाही, त्याला तो व्यवहार दुकानाच्या कागदावर नकोय. दुकानाच्या खात्यावर पैसे गेले असतील तर वस्तू मिळाली नाही म्हणून यूपीआय ॲपमधून तक्रार तरी टाकता येते, आणि तुम्ही ग्राहक आहात हे सिद्ध करायला कागद राहतो. ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी शून्य आहे आणि १९१५ या ग्राहक हेल्पलाइनला फोन करून सुरुवात करता येते. मेव्हण्याला पाठवलेत तर तुम्ही कोणाचे ग्राहक?

खातं पर्सनल आहे की दुकानाचं हे ओळखायची माझी युक्ती अशी, यूपीआय ॲपमध्ये रुपे क्रेडिट कार्ड जोडलेलं असेल तर त्याने द्यायचा प्रयत्न करा. साध्या माणसाच्या खात्यावर ते जातच नाही. गेलं तर दुहेरी फायदा, खातं व्यापाऱ्याचं आहे हे कळलं आणि पैसे क्रेडिट कार्डाचे. नाही गेलं म्हणजे फ्रॉड असं मात्र नाही, काही दुकानदार ते बंद ठेवतात, मग क्यूआर स्कॅन केल्यावर नाव काय येतं ते बघा.

फी कोणी भरायची यावर लोक तासभर घासाघीस करतात आणि शेवटी दमून डायरेक्ट पाठवतात. त्यापेक्षा भाव ठरवतानाच सांगा, "लिंकने देणार, सगळं धरून किती?" नंतर काढलेला दोन टक्क्यांचा विषय भांडणाचा होतो, आधी काढलेला भावाचा. फारच ताणलं तर अर्धी तुम्ही अर्धी मी. यालाही नाही म्हणणारा मला आजवर एकच भेटला आणि त्याच्याकडून मी घेतली नाही.

मग साधा घरगुती विकणारा असेल, ज्याच्याकडे गेटवे वगैरे काही नाही? तिथे ग्राहक कायदाही कामाचा नाही कारण तो व्यापारी नाही. अशा वेळी तीनच रस्ते. नातेवाईक (वर बघा). नाहीतर पोस्टाची व्हीपी (किती रकमेपर्यंत चालते ते आधी पोस्टात विचारा), हो तीच, जिच्याने पूर्वी पुस्तकं यायची, पोस्टमन पैसे घेतो आणि मग पाठवणाऱ्याला मिळतात. पण व्हीपी असो की कुरियरचं कॅश ऑन डिलिव्हरी, पैसे आधी आणि खोका नंतर उघडायचा, त्यामुळे आत वीट निघाली तरी तुम्ही पैसे दिलेले असतात, खोका आला एवढीच खात्री. किंवा तिसरा रस्ता, सोडून द्या. १६,००० ची लेन्स पुन्हा येते, दर महिन्याला येते.

आणि इसार! "दोन हजार टोकन टाका, होल्ड करतो." टोकन हा संरक्षण सोडण्याचा सगळ्यात गोड प्रकार आहे. दोन हजार गेले की माणूस ते वाचवायला उरलेले चौदा पाठवतो. मी न बघितलेल्या वस्तूला टोकन देत नाही, कानाला खडा.

परदेशातल्यांसाठी एक वाक्य, माझी बहीण न्यू जर्सीत असते आणि तिकडेही हाच खेळ चालतो, फक्त नाव वेगळं, विकणारा म्हणतो पेपालवर फ्रेंड्स अँड फॅमिलीने पाठव, फी लागत नाही. तिकडे बँकेतून किंवा पेपाल बॅलन्समधून दिले तर लागत नाहीच, पण मग पेपालचं खरेदीदाराचं संरक्षणही लागू होत नाही. जो तुमचा फ्रेंड नाही आणि फॅमिली नाही त्याला तसे पैसे कशाला पाठवायचे?

पायरी ४ : तुम्ही विकणारे असाल तर

लोकांना वाटतं धोका फक्त घेणाऱ्याला. मी एका गिऱ्हाइकाला २१,००० ची लेन्स विकली, पैसे आले, मी खूश, पाठवून दिली. पैसे दुसऱ्याच कोणाच्या नावावरून आले होते, तो म्हणाला मित्राने टाकले. तीन आठवड्यांनी माझ्या खात्यावर २१,००० चा लीन, म्हणजे तेवढे पैसे बँकेने अडकवून ठेवले. तो "मित्र" म्हणजे फसवला गेलेला कोणीतरी होता, त्याने १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला तक्रार केली, पैसे जिथे जिथे गेले तिथे तिथे बँकेने अडकवले आणि लेन्स देऊन बसलेला मी त्यात अडकलो. बँक म्हणते पोलिसांचं पत्र आणा, पोलीस ठाणं दुसऱ्या राज्यात. अडीच महिने लागले सुटायला, आणि तेही माझ्याकडे चॅट, कुरियरची पावती आणि पॅकिंगचा व्हिडिओ होता म्हणून.

तेव्हापासून नियम एकच, ज्याच्याशी बोलतोय त्याच्याच नावाच्या खात्यातून पैसे आले पाहिजेत. दुसऱ्या नावावरून आले तर वस्तू पाठवायची नाही, आणि तो म्हणाला "चुकून आले, या नंबरवर परत टाका" तरी स्वतः परत टाकायचे नाहीत, बँकेला लेखी कळवायचं.

बाकी पटापट. स्क्रीनशॉटवर आणि एसएमएसवर विश्वास नको, बँकेचं ॲप उघडून बॅलन्स बघा. पैसे घ्यायला पिन लागत नाही, क्यूआर स्कॅन करावा लागत नाही, "मी आर्मीत आहे, कॅन्टोन्मेंटमधून बोलतोय, क्यूआर पाठवतो तो स्कॅन करा" असं आलं की फोन ठेवा. माणसाने माणसाला पैसे मागायची रिक्वेस्ट पाठवायची सोय यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने १ ऑक्टोबर २०२५ पासून बंदच केली, पण क्यूआरवाले काही संपलेले नाहीत.

कार्डाने पैसे घेणार असाल तर चार्जबॅक तुमच्यावरही उलटू शकतो हे धरून चाला. सिरीयल नंबर दाखवत, खोका बंद करून लेबल चिकटेपर्यंत न थांबवता एक व्हिडिओ. सही घेणारी डिलिव्हरी. कुरियरला खरी किंमत सांगून विमा, नाहीतर हरवल्यावर ते आपल्या नियमाप्रमाणे किरकोळ काहीतरी हातावर ठेवतात.

पायरी ५ : बुडालेच तर

पहिल्या तासात १९३० ला फोन, मग सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार, मग बँक. पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत अडले तर मिळतात, दोन दिवस "तो फोन उचलेल" म्हणून वाट बघितली तर नाही. मी वाट बघितली होती.

पायरी ६ : खोका आला

फोन उभा करून व्हिडिओ चालू, मग कात्री. लेबल दाखवा, सिरीयल नंबर दाखवा. लेन्सचं ॲपर्चर, म्हणजे आतलं लहान-मोठं होणारं भोक, पूर्ण उघडा, खोलीतला दिवा घालवा, मागच्या बाजूने मोबाईलचा टॉर्च तिरका धरा आणि पुढून बघा. धूळ चालते, प्रत्येक जुन्या लेन्समध्ये असते, त्यासाठी भांडू नका. धागे किंवा दुधाळ ढग दिसला तर त्याच रात्री फोटो, त्याच रात्री लेखी मेसेज, सकाळी डिस्प्यूट. आणि ती लेन्स तोपर्यंत बाकीच्यांच्या डब्यात ठेवू नका.