रेल्वेमार्ग निवडताना एएचपी कशी वापरावी

बेळगाव–धारवाड वेगवान गाडीसाठी कित्तूरमार्गे नवा रूळ की लोंढ्याचा जुनाच सुधारायचा? एएचपी म्हणजे निकषांची जोडीजोडीने तुलना करून त्यांची वजने काढायची निर्णयपद्धती. निकष चार घ्या: खर्च, वेळ, प्रवासी, जाणारी पिकाऊ जमीन. सहा जोड्या होतात. प्रत्येकीत कोणता निकष किती महत्त्वाचा, हे १ (दोन्ही सारखे) ते ९ (एक फारच वरचढ) मापावर तोला. या तुलनांच्या तक्त्याचे कमाल आयगेन मूल्य (तुलना पूर्ण सुसंगत असतील तर ते निकषांइतकेच, म्हणजे ४ येते) ४.२१ आले, तर (४.२१−४)÷३ = ०.०७, त्याला ०.९० ने (चार निकषांचे तक्ते कसेही भरले तर येणारी सरासरी विसंगती) भागा. विसंगतीचे प्रमाण सुमारे ०.०८, म्हणजे ०.१० च्या आत, चालेल. वर गेले तर आकडे दामटून बसवू नका. जमीन खर्चाहून मोठी, खर्च वेळेहून आणि वेळ परत जमिनीहून, असा फेरा कुठेतरी पडलेला असू शकतो.

मग प्रत्येक निकषावर दोन्ही पर्यायांना गुण द्या. खर्च, वेळ आणि जमीन कमी तितकी बरी. तिथे गुण उलटवायला विसरलात की महागडा पर्याय वर येतो. भूसंपादनाची भरपाई खर्चात धरली असेल तर जमीन दोनदा मोजली जाते (हे हमखास होते). शेवटी प्रत्येक निकषाचे वजन १० टक्के हलवून पर्यायांचा क्रम टिकतो का पाहा.