कुत्रं चावल्यावर या चुका टाळा: आधी नळ, मग रिक्षा

सरकारी दवाखान्यात इंजेक्शन रूमला मी अठरा वर्षं काढली. आता निवृत्त आहे, तरी आळीत कुणाला कुत्रं चावलं की फोन मलाच. पलीकडून वाक्य ठरलेलं: "ताई, रिक्षात बसलोय, निघालोच." माझा प्रश्नही ठरलेला: "जखम धुतली का?" मग नुसता रिक्षाचा आवाज.

धुतली म्हणजे दोन तांबे पाणी ओतून पदर गुंडाळला, असं नव्हे. वाहत्या नळाखाली, साबण लावून, घड्याळ लावून पंधरा मिनिटं. कपड्याचा साबणसुद्धा चालतो. रेबीजचा विषाणू कुत्र्याच्या लाळेतून जखमेत उतरतो आणि तिथून नसेत शिरायला बघतो. त्याचं वरचं कवच चरबीचं, साबणाने ते फुटतं. एवढं सोपं आणि फुकटचं काम सोडून लोक धावत सुटतात, कारण नळाखाली पंधरा मिनिटं उभं राहिलं की काहीच करत नसल्यासारखं वाटतं.

एक बाप चार वर्षांच्या मुलीला घेऊन आला होता. पंजावर चावा, आणि आजीने त्यात लाल तिखट दाबून भरलेलं. दवाखान्याच्या मागे धुण्याच्या दगडाजवळ नळ होता, तिथे तिला नेलं. पोर चाव्याने रडत नव्हती एवढी तिखटाने किंचाळत होती. पाणी आधी लाल, मग नारिंगी झालं. हातमोजे होते तरी मनगटापर्यंत माझीही आग होत होती. बाप मागे उभा राहून दर मिनिटाला, "सिस्टर, आधी सुई मारा ना, रांग वाढतेय." सहाव्या मिनिटाला मी त्याच्याच हातात साबण दिला. मग गप्प झाला. तिखट, चुना, हळद, तंबाखू, चहापूड, सगळं मी जखमांतून काढलेलं आहे. स्वयंपाकघरातलं काहीही घालू नका. आणि सात विहिरींत डोकावून यायला सांगणारे अजून भेटतात, त्यांना लांबूनच नमस्कार.

दुसरी माझ्या डोक्यात जाणारी चूक: "इंजेक्शन झालं, सुटलो." कुठलं इंजेक्शन? धनुर्वाताचं वेगळं, रेबीजची लस वेगळी आणि सिरम वेगळं. लस टोचल्यावर शरीराला स्वतःची ताकद तयार करायला आठवडा-दोन आठवडे लागतात. तोवर पहारा द्यायला तयार फौज हवी, ते सिरम. कातडी फाटून रक्त आलं असेल, तर केस पेपरवर "कॅटेगरी 3" लिहिलंय का बघा आणि सिरमचं विचारा. ते जखमेत आणि जखमेभोवती भरतात. दुखतं, खोटं कशाला सांगू.

एका नऊ वर्षांच्या मुलाच्या गालाला चावा होता. घरच्यांना घाई डागाची. एका खासगी दवाखान्यात घट्ट चार टाके घातले, दंडात लस दिली, घरी पाठवलं. दुसऱ्या डोसला आमच्याकडे आला तेव्हा मी कागद उलटसुलट करून पाहिला, सिरमचा पत्ता नाही. पहिल्या लसीपासून सात दिवसांच्या आत होता म्हणून बरं. डॉक्टरांनी टाक्यांच्या कडेकडेने गालात सिरम भरलं. मी त्याचं डोकं छातीशी धरून उभी होते. अशा जखमेवर शक्यतो टाके घालत नाहीत, सुईबरोबर विषाणू आत ढकलला जातो. घालावेच लागले, तर आधी सिरम, मग सैल टाके. डाग राहिला तर राहू दे. रेबीजची लक्षणं एकदा दिसली की माणूस जवळपास कधीच वाचत नाही.

डोस चुकवणारे तर रोजचेच. सरकारी दवाखान्यात कातडीत देतात त्या लसीचे दिवस 0, 3, 7 आणि 28. शून्य म्हणजे पहिली लस घेतली तो दिवस. अठ्ठाविसाव्याला कुणी फिरकत नाही. मी कालनिर्णयवर लाल पेनने गोल करून देते. मोबाइलचा गजर लोक झोपेत बंद करतात.

"पिल्लूच होतं", "घरचंच आहे, टोचलेलं आहे", "नुसतं ओरखडलं": ही वाक्यं दवाखान्याच्या दारात सोडून या.

कुत्र्यावर दहा दिवस नजर ठेवायची, हे खरं. पण लस पहिल्याच दिवशी सुरू करून. आणि त्याला मारू नका. मेलेल्या कुत्र्यावर नजर कशी ठेवणार?

कुत्रं पाळीव असेल तर आणखी एक घाई होते, तडजोडीची. मालक "आमचा टायगर काही करत नाही हो" म्हणत पहिल्या इंजेक्शनचे पैसे देतो, दुसऱ्याला फोन उचलत नाही. म्हणून पट्टी बांधायच्या आधी जखमेचा फोटो काढा, केस पेपरवर "कुत्रा चावल्याने" असे शब्द लिहून घ्या. जनावर निष्काळजीपणे मोकळं सोडणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 291 खाली गुन्हा आहे: सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. अर्ज पोलिस ठाण्यात आणि नगरपालिकेत, दोन्हीकडे द्या. पोच घेतल्याशिवाय टेबलापासून हलू नका. सोसायटीच्या ग्रुपवर चाळीस संतापलेले चेहरे टाकून कुणाची नोंद झाल्याचं मी पाहिलेलं नाही.

मुलांना मी दोनच गोष्टी शिकवते. कुत्रं अंगावर आलं की पळायचं नाही, झाडासारखं उभं राहायचं, हात अंगाशी, डोळ्यांत बघायचं नाही. पडलोच तर गोळा व्हायचं आणि हात मानेवर. खाणारं, झोपलेलं आणि पिल्लांपाशी असलेलं कुत्रं आपल्यासाठी नाहीच. मोठ्यांना सांगायचं तर मटणाच्या दुकानामागची हाडं आधी उचला, कळप तिथेच जमतो.

ती तिखटवाली मुलगी अठ्ठाविसाव्या दिवशी आली होती. बापाच्या खिशात साबणाची वडी. "सिस्टर, धुवायचं का परत?" म्हटलं, "आता नको, दंड पुढे कर."