अंग भाड्याने देणाऱ्या मुलीची गोष्ट कशी लिहावी

उन्हाळ्याच्या सुट्टीत मी सोलापुरात आठवी ते बारावीच्या मुलांसाठी गोष्टी लिहिण्याचं छोटंसं शिबिर घेते. दरवर्षी चार-पाच वह्यांत हटकून एकच गोष्ट निघते. साल 2090, काचेचे मनोरे, आणि श्रीमंत म्हातारे गरीब पोरांची शरीरं दिवसावर भाड्याने घेऊन त्यांत फिरतायत. कल्पना झकास आहे. पण नायिकेचं नाव एलेना आणि ती राहते ‘सेक्टर सात’मध्ये. मी विचारते, “हे सेक्टर सात कुठं आलं बे?” पोरं हसतात. मग आम्ही सोलापुरातल्या सात रस्ता चौकापासून सुरुवात करतो.

खालच्या पायऱ्या त्या हसण्यातून तयार झाल्या आहेत. क्रम मोडलात तरी चालेल, पहिली मात्र गाळू नका.

पायरी 1 : आधी करार लिहा

गोष्ट नंतर. आधी वहीचं एक पान घ्या आणि अंग भाड्याने देण्याचा करार लिहून काढा. किती दिवस, किती पैसे, खरचटलं तर कुणी भरायचं, भाडेकरूने केस कापले तर चालतील का, तो अंग घेऊन गावाबाहेर जाऊ शकतो का. निदान दहा कलमं हवीत. यंत्र कसं चालतं हे वाचक दोन पानांत विसरतो, पण तीनशे रुपये का कापले ते शेवटपर्यंत डोक्यात ठेवतो.

शब्द शोधायला लांब जाऊ नका. आपल्या जिल्ह्यात साखर कारखान्यांना तोटा नाही आणि ऊसतोडीच्या टोळ्या सगळ्यांनी पाहिल्यात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे ‘एक कोयता’. हंगामाआधी मुकादमाकडून घेतलेली रक्कम म्हणजे ‘उचल’. कामावर न गेलेला दिवस म्हणजे ‘खाडा’, आणि त्याचा दंड. दोन जिवंत माणसं मोजायची आणि नाव हत्याराचं द्यायचं! एवढा थंड शब्द भविष्यकथा लिहिणाऱ्याला बसून सुचला नसता. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची 2019 मध्ये राज्य सरकारच्या समितीने चौकशी केली. पाळीत खाडा पडू नये, हे त्यामागचं एक कारण बायकाच सांगत होत्या. आता तुमच्या करारात पाळीच्या दिवसांचं कलम लिहा बघू. गेल्या वर्षी या कलमापाशी एका मुलीने पेन खाली ठेवलं आणि उरलेला तास खिडकीबाहेर बघत बसली. दुसऱ्या दिवशी तिने आणलेला करार वर्गात सगळ्यांत भारी होता.

मग कायदा. आपल्याकडे पैसे घेऊन रक्त देणं 1 जानेवारी 1998 पासून बंद आहे, अवयव विकायला 1994 च्या कायद्याने मनाई आहे आणि पैसे घेऊन दुसऱ्याचं मूल पोटात वाढवणं 2021 च्या कायद्याने थांबवलं. म्हणजे तुमच्या जगात हे सगळं कुणीतरी एकेक करून मागे घेतलेलं असणार. कोणत्या वर्षी, काय कारण सांगून? ‘दुष्काळग्रस्तांसाठी रोजगार योजना’ असं गोड नाव द्या. वाचकाला आपोआप घाम फुटतो.

पायरी 2 : सही कुणाची ते ठरवा

ही माझी सगळ्यांत आवडती पायरी. भारतीय करार कायदा 1872 चा आहे. अठरा वर्षांखालच्या मुलाने केलेला करार मुळातच रद्दबातल, हे प्रिव्ही कौन्सिलने (इंग्रजी अमलातल्या सर्वांत वरच्या न्यायालयाने) 1903 साली मोहोरी बीबी खटल्यात पक्कं केलं. म्हणजे तुमची नायिका सोळा वर्षांची असेल, तर तिची सही चालणार नाही. मग खाली कोण सही करतं?

इथे दुष्ट कंपनी बाजूला पडते आणि घर पुढे येतं. बाप पेन हातात घेऊन बसलाय, आई स्वयंपाकघरातून बघतेय, धाकट्याची फी थकलीय. हा प्रसंग लिहायला घाबरू नका. आपल्याकडे हा प्रसंग फार जुना आहे. शुक्राचार्यांच्या शापाने म्हातारा झालेला ययाती मुलांकडे तारुण्य मागतो, चौघे नाही म्हणतात, धाकटा पुरू देतो. पुढे हजार वर्षं ययातीने काय भोगलं ते महाभारत सांगतं आणि पुरूला राज्य मिळालं हेही सांगतं. पण बापाचं म्हातारपण अंगावर घेऊन पुरू रोज सकाळी उठायचा, तेव्हा त्याचे गुडघे दुखायचे का? आरशात बघायचा का? ती गोष्ट कुणी सांगितलेली नाही. तुम्ही तीच लिहिताय असं समजा.

पायरी 3 : रस्त्यावरचं नाव शोधा

करारात काहीही छापलेलं असो, चौकात त्याला लोक काय म्हणतात? ‘शरीर-हस्तांतरण’ असं कन्ना चौकात कुणी म्हणणार नाही. आमच्या वर्गात दोन शब्द टिकले. एक ‘पाळी’. यंत्रमागावर दिवसपाळी-रात्रपाळी असतेच, त्यामुळे “ती पाळीवर गेलीय” असं सहज म्हटलं जाईल. मुलींच्या तोंडी त्याचा दुसरा अर्थही बोचत राहील, तो बोचू द्या. दुसरा शब्द ‘झाड’. तुळजापूर इथून जेमतेम पंचेचाळीस किलोमीटर. अंगात येणं म्हणजे काय हे आपल्या वाचकाला समजवावं लागत नाही. ज्याच्या अंगात कुणीतरी शिरलंय त्याला झाड म्हणतात, हेही त्याने आजीकडून ऐकलेलं असतं. भाड्याने दिलेल्या अंगाला झाड म्हटलं की तीन पानांचं स्पष्टीकरण वाचतं.

पायरी 4 : यंत्र उरका

मानेला पट्टी, झोपेचं औषध, दिवा हिरवा. पुढे चला.

पायरी 5 : उद्याचं सोलापूर उभं करा

भविष्यात काय नवीन असेल यापेक्षा काय गेलं असेल ते लिहा, गाव जास्त खरं वाटतं. आपल्याला याची सवयच आहे. 1877 मध्ये सुरू झालेली जुनी कापड गिरणी गेली आणि भोंग्यावर घड्याळ लावणारी पिढीही जवळपास गेली. सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी 2023 च्या जूनमध्ये डोळ्यांदेखत पाडली. आता पुढे काय जाईल? चादरीचे माग? सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा राहील, पण तिच्यातले उंच नंदीध्वज पेलणारे खांदे भाड्याचे असतील का? पाणी आताच रोज येत नाही. ते आठ दिवसांनी येत असेल आणि भाडेकरूला मात्र कराराप्रमाणे रोज आंघोळ मिळत असेल, तर अंग परत मिळाल्यावर नायिकेला पहिल्यांदा काय जाणवेल? आपल्या त्वचेला साबणाचा वास येतोय.

एकदा सेटलमेंट भागातून चालत जाऊन या. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याखाली जन्मावरून माणसांना गुन्हेगार ठरवलं जायचं. इथे त्यांना तारेच्या कुंपणात ठेवून हजेरी घेतली जायची. तो कायदा जायला 1952 उजाडलं. मुलं म्हणतात, मॅडम, असं जग कल्पनेतच असतं. मी त्यांना तो रस्ता दाखवते.

पायरी 6 : परत येणं लिहा, जाणं नको

नवखा लेखक अंग द्यायला जाण्याचा प्रसंग रंगवतो. खरी गोष्ट परतल्यावर सुरू होते. चार दिवस आपण नव्हतो, अंग होतं. त्याला काय काय शिकवलं गेलं? एका मुलाने लिहिलं होतं, नायकाची बोटं झोपेत पियानो वाजवत होती आणि त्याने पियानो कधी पाहिलाही नव्हता. मला ते फार आवडलं. अंगठ्याचाही विचार करा. रेशन अंगठ्यावर, पैसे अंगठ्यावर, आणि मशीन अंगठा ओळखतं, आत कोण आहे ते विचारत नाही. भाडेकरू तुमच्या नावावर काय काय घेऊन जाऊ शकतो याची यादी केलीत तरी अर्धं कथानक तयार होतं.

पण सगळ्यांत मोठा पुरावा जिभेचा. आमच्या गावात मराठी, तेलुगू, कन्नड आणि दखनी एकाच गल्लीत नांदतात. पूर्व भागातल्या एका तेलुगू घराचा हा तुकडा वर्गात सगळ्यांनी मिळून लिहिला:

अंजी भानावर आली तेव्हा ती स्वतःच्याच दारात चपला काढत होती. चपला नव्या होत्या. आत विडीच्या पानांचा ओला वास. आईने मांडीवरच्या सुपातून मान वर न करता विचारलं, “तिन्नावा?”

अंजीने तोंड उघडलं. तेवढ्यात आईने वर पाहिलं. सुपातले हात थांबले होते.

“तिन्नानु,” अंजी म्हणाली. जेवले.

आईने श्वास सोडला. हात पुन्हा चालू झाले, पान, तंबाखू, दोरा. “चार दिवस विचारत होते,” ती तेलुगूतच म्हणाली. “रोज नुसती हसायचीस.”

अंजी उंबऱ्यावरच उभी राहिली. भाडेकरूने घरी जायचं नाही, असं नववं कलम होतं.

इथे एकही यंत्र नाही. ‘जेवलीस का’ एवढा एक शब्द कळला नाही म्हणून आईला आत कोणीतरी परकं आहे हे समजलंय, आणि तरी ती रोज त्या परक्याला जेवायचं विचारत होती. तुमच्या घरातला असा शब्द कोणता, तो शोधा. मराठी घर असेल तर ‘बे’सुद्धा पुरतो. सदाशिव पेठेतली म्हातारी सोलापूरच्या पोराच्या अंगात शिरली, तरी ‘का बे’ तिला जागच्या जागी जमणार नाही.

पायरी 7 : वाचकाचं वय विसरू नका

तुमचा वाचक तेरा ते अठराचा आहे. अंग दुसऱ्याच्या हाती दिलं की काय काय होऊ शकतं हे त्यालाही कळतं, ते उघडं करून दाखवायची गरज नाही. दंडावरचा एक अनोळखी डाग आणि त्यावर बोलायला तयार नसलेली मैत्रीण एवढं पुरे होतं. मात्र नायिकेला विश्वासाचं एक मोठं माणूस द्या, मावशी, शेजारीण, शाळेतल्या बाई, कुणीही. एकटीला सोडून देणाऱ्या गोष्टी मी परत करते. तिथे माझा हट्ट चालतो.

पायरी 8 : बंड एकटीचं नको

सतराव्या वर्षी एकटीने सगळी व्यवस्था उलथवली, असा शेवट बहुतेक वह्यांत असतो. पण ज्या गावात 1930 च्या मे महिन्यात इंग्रजांचा अंमल काही दिवस जागेवर नव्हता, मार्शल लॉ म्हणजे लष्करी अंमल लावावा लागला आणि पुढे 12 जानेवारी 1931 ला त्या लढ्यातल्या चौघांना येरवड्यात फाशी दिलं गेलं, त्या गावात राहून असा शेवट लिहू नये. तेव्हा रस्त्यावर गिरणीतली माणसं हजारांनी होती. एक झाड पाळीवर गेलं नाही तर खाडा पडतो. गावातली सगळी झाडं एकाच सकाळी अंगठा द्यायला नाही म्हणाली, आणि त्या वेळी निम्म्यांच्या आत भाडेकरू अडकलेले असले, तर? तिथून पुढचं तुमचं तुम्ही लिहा. हरलं तरी चालेल.

पायरी 9 : घरातल्या कुणाला तरी वाचून दाखवा

मोठ्याने, आणि शक्यतो तुमच्यापेक्षा लहान असलेल्याला. अंजीचा तुकडा वर्गातल्या एकीने घरी भावाला वाचून दाखवला. तो सहावीत. पूर्ण ऐकल्यावर त्याने एकच विचारलं, “मग चपलांचे पैसे कुणाच्या उचलीतून कापले?”

तिने वही उघडली आणि अकरावं कलम लिहिलं.